चार पाने

प्रास्ताविक

‘आपल्या लेखनापैकी कोणत्या लेखनाचा आपल्याला सर्वांत अधिक अभिमान वाटतो?’ असा प्रश्न लेखकांना अनेकदा विचारला जातो. उत्तरादाखल लेखक आपल्या गाजलेल्या ग्रंथाचे नाव घेईल, अशी आपली अपेक्षा असते. नियतकालिकांत लिहिणाऱ्यांची स्थिती मात्र थोडी निराळी आहे. मासिकाचा अंक महिनाभर घरात वावरतो आणि पुढचा अंक आला की मागचा रद्दीत जातो. असे असले तरी कित्येक थोर ग्रंथांचा जन्म अशा अंकांतच झाला आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी प्रथम ‘करमणूक’ या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

प्रस्तुत पाठात अमेरिकेतील लेखिका व जीवशास्त्रज्ञ रेचेल कार्सन (१९०७–१९६४) यांच्या एका छोट्या लेखाची हकिगत सांगितली आहे. नोकरी सांभाळून, घरचा भार वाहून लिहिणाऱ्या एका स्त्रीला आपला मार्ग कसा सापडला, हे या हकिगतीवरून कळते. आपणांपैकी अनेक जण काम करता करता शिकत आहेत. त्यांना ही हकिगत परकी वाटणार नाही.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला—
• एका लेखाच्या जन्माची व प्रवासाची हकिगत आपल्या शब्दांत सांगता येईल;
• माहितीपर लेखन आणि ललित लेखन यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथन यांतील फरक ओळखता येईल.

मूळ पाठ

रेचेल कार्सन यांचे नाव आज जगभर घेतले जाते ते ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे. कीटकनाशकांच्या बेसुमार वापराने पक्षी, मासे, माती आणि माणूस यांवर काय ओढवते, हे त्या ग्रंथाने साऱ्या जगापुढे मांडले. परंतु आपल्या लेखनाचा उगम सांगताना कार्सन यांनी बोट दाखवले ते त्याआधी पंचवीस वर्षे छापून आलेल्या एका लेखाकडे. ‘ॲटलांटिक मंथली’ या मासिकाच्या सप्टेंबर १९३७ च्या अंकात त्यांचा ‘अंडरसी’, म्हणजे ‘सागराखाली’, हा लेख प्रसिद्ध झाला. तो अवघ्या चार पानांचा होता. त्या चार पानांतूनच पुढचे सारे काही आले, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. ग्रंथांची कीर्ती लाभलेल्या लेखिकेने मासिकातील चार पानांना हे स्थान का द्यावे?

कार्सन यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. गावाजवळून नदी वाहत होती, पण समुद्र शेकडो किलोमीटर दूर होता. बालपणी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. लेखनाची ओढ मात्र फार लवकर लागली. त्या काळी अमेरिकेत ‘सेंट निकोलस’ नावाचे मुलांचे मासिक निघत असे. त्यात वाचक मुलांनी लिहिलेले साहित्य छापण्यासाठी स्वतंत्र विभाग होता. १९१८ च्या सप्टेंबरमध्ये त्या विभागात अकरा वर्षांच्या रेचेलची एक युद्धकथा छापली गेली आणि तिला रौप्यपदक मिळाले. आपण लेखिका होणार, याविषयी त्या मुलीच्या मनात तेव्हापासून शंका उरली नाही.

महाविद्यालयात प्रवेश घेताना त्यांनी साहजिकच इंग्रजी साहित्य हा विषय निवडला. पुढे जीवशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी स्कॉट स्किंकर यांच्या अध्यापनाने त्या इतक्या भारावून गेल्या की त्यांनी साहित्य सोडून जीवशास्त्र घेतले. लेखिका किंवा वैज्ञानिक यांपैकी एकच काहीतरी होता येईल, अशी त्यांची समजूत होती. इतरांनाही तसेच वाटत होते. लेखणी आपण कायमची खाली ठेवली, असे समजून त्या प्रयोगशाळेत शिरल्या. त्या दिवसांविषयी बोलताना त्या पुढे म्हणाल्या की, आपण लेखन सोडत नसून लिहिण्यासाठी विषय मिळवत आहोत, हे तेव्हा आपल्या ध्यानीच आले नाही. १९२९ च्या उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत काम करण्यासाठी गेल्या असताना त्यांना समुद्राचे प्रथम दर्शन झाले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

१९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्या प्राणिशास्त्रात एम. ए. झाल्या. तो काळ महामंदीचा होता आणि नोकऱ्या दुर्मीळ होत्या. १९३५ मध्ये वडिलांचे अकस्मात निधन झाले आणि घर चालवण्याची जबाबदारी कार्सन यांच्यावर येऊन पडली. पुढील शिक्षणाचा विचार आधीच मागे पडला होता. त्यांनी वॉशिंग्टन येथे सरकारच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे दार ठोठावले. तेथील अधिकारी एल्मर हिगिन्स यांच्यापुढे त्या वेळी एक अडचण होती. सागरी जीवनाविषयी नभोवाणीवर सात-सात मिनिटांचे बावन्न कार्यक्रम व्हायचे होते. ज्यांना माशांची माहिती होती त्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना माशांची माहिती नव्हती. कार्सन यांचे एक ओळही लेखन न पाहता हिगिन्स यांनी त्यांना हे काम देऊन पाहिले. काम अर्धवेळ होते. ते उत्तम झाले, आणि परीक्षेत यश मिळवून १९३६ मध्ये त्या त्याच विभागात कायम झाल्या.

याच सुमारास ती घटना घडली. नभोवाणीवरील कार्यक्रमांतील माहितीच्या आधारे विभागाला एक पुस्तिका काढायची होती. तिच्या आरंभी समुद्राविषयी सर्वसाधारण स्वरूपाचे काहीतरी लिहून द्यावे, असे हिगिन्स यांनी कार्सन यांना सांगितले. त्या लिहायला बसल्या, आणि विषयानेच जणू लेखणीचा ताबा घेतला. मजकूर वाचून झाल्यावर हिगिन्स यांनी सांगितले की हे आपल्या पुस्तिकेला चालणार नाही, पुन्हा लिहावे. हे लेखन मात्र ‘ॲटलांटिक’कडे पाठवून द्यावे. बोलताना त्यांच्या डोळ्यांत मिस्कील चमक होती, असे कार्सन यांनी सांगितले आहे.

एकाच वाक्यात नकार आणि गौरव दोन्ही यावेत, असे क्वचितच घडते. सरकारी पुस्तिकेला कोरडी, नेमकी प्रस्तावना हवी होती आणि हाती आले होते ते साहित्य. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने त्यावर लाल शाईने खुणा करून ते पुस्तिकेच्या मापात कापले असते. हिगिन्स यांनी तसे केले नाही. कार्यालयाच्या चाकोरीत न बसणारी गोष्ट कोठे बसेल, हे त्यांनी ओळखले. ‘ॲटलांटिक मंथली’ हे १८५७ पासून चालत आलेले, अमेरिकेतील अत्यंत प्रतिष्ठेचे वाङ्मयीन मासिक होते. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याला तेथे लेख पाठवण्याचा सल्ला देणे हे मोठ्या विश्वासाचे होते.

तरीही लेख ताबडतोब रवाना झाला नाही. १९३७ च्या आरंभी कार्सन यांच्या थोरल्या बहिणीचे निधन झाले. तिच्या दोन लहान मुली आता आजी आणि मावशी यांच्या आधाराने राहू लागल्या. दिवसा कार्यालय, रात्री लेखन, आणि पाठीशी चार जणांचा संसार, असा तो काळ होता. लेखनातून चार पैसे मिळाले तर ते हवेच होते. वृत्तपत्रांत मासेमारीविषयी लहानसहान लेख त्या लिहीतच होत्या. आता त्यांनी तो बाजूला ठेवलेला लेख पुन्हा हाती घेतला, त्याचे संस्करण केले आणि मासिकाकडे पाठवला. तो स्वीकारला गेला.

लेख छापून आला तेव्हा त्यावर ‘आर. एल. कार्सन’ असे नाव होते. विज्ञानाविषयीचे लेखन पुरुषाचे असेल तर वाचक ते अधिक विश्वासाने वाचतात, असा तेव्हाचा समज होता. आद्याक्षरांमुळे लेखक स्त्री की पुरुष, हे वाचकांना कळणार नव्हते. पुढे कीर्ती मिळाल्यावरही, एवढे ज्ञान असलेली व्यक्ती पुरुषच असणार असे गृहीत धरून त्यांना पत्रे येत राहिली.

त्या चार पानांत असे काय होते? समुद्र खऱ्या अर्थाने कोणाला कळला आहे, या विचाराने लेख सुरू होतो. जमिनीवर वावरणाऱ्या माणसाची ज्ञानेंद्रिये तेथे अपुरी आहेत. लांबी, रुंदी, काळ, स्थळ ही आपली मापे बाजूला ठेवल्याखेरीज त्या जगात प्रवेश मिळत नाही. म्हणून लेखिका वाचकाला माशांच्या दुनियेत हळूहळू उतरवते. प्रथम किनारा येतो. तेथील जीव भरती-ओहोटीच्या तालावर कधी पाण्यात तर कधी उन्हात जगतात. नंतर उथळ समुद्र लागतो, त्यापुढे खुल्या सागराचा पृष्ठभाग. येथे डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशावर वाढतात. त्यांना सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना लहान मासे आणि लहान माशांना मोठे मासे. त्याखाली प्रकाश विरत जातो आणि शेवटी जेथे सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत असा अंधारी तळ येतो. वर मेलेल्या जीवांचे अवशेष खाली झरत राहतात. त्यांतील द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि पुन्हा नव्या सूक्ष्म वनस्पतींच्या वाढीस लागतात. एक जीव संपतो, पण त्याचे द्रव्य नाश पावत नाही.

शाळेच्या पुस्तकात ‘अन्नसाखळी’ म्हणून आपण जे शिकतो, तेच हे आहे. लेखात एकही वैज्ञानिक तथ्य सैल सोडलेले नाही. तरीही वाचताना आपण पाठ गिरवत आहोत असे वाटत नाही. वाक्यांना लाटेसारखी लय आहे, आणि दृष्टी माणसाची नसून मासा, खेकडा, शिंपला यांची आहे. विज्ञान आणि साहित्य या दोन वाटांपैकी एक सोडली, असे समजून चाललेल्या लेखिकेच्या हातून त्या दोन्ही वाटा येथे एक झाल्या. चार पानांचे मोल यातच आहे असे मला वाटते. पुढचे ग्रंथ अधिक मोठे आहेत, पण त्यांतील प्रत्येक ग्रंथ याच चार पानांच्या रीतीने लिहिलेला आहे.

पाठगत प्रश्न
१. हिगिन्स यांनी कार्सन यांचे लेखन पुस्तिकेसाठी का नाकारले?
२. लेखावर केवळ आद्याक्षरे छापण्यामागे कोणते कारण होते?

लेखाला लाभलेल्या प्रतिसादामुळे कार्सन यांना आश्चर्य वाटले. सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेचे संपादक क्विन्सी हाऊ यांनी, या विषयावर ग्रंथ लिहिण्याचा विचार आहे काय, अशी विचारणा केली. ‘मानवजातीची कथा’ सांगणारे प्रसिद्ध लेखक हेंड्रिक विलेम व्हान लून यांचेही पत्र आले. त्यांनी लिफाफ्यावरच हिरव्या लाटा रंगवल्या होत्या आणि त्यांतून शार्क व देवमासे कुतूहलाने तोंडे वर काढून पाहत होते. नवख्या लेखिकेला मिळालेली याहून सुंदर पोच कोणती असेल! व्हान लून यांनी त्यांना घरी बोलावले, प्रकाशकांशी गाठ घालून दिली आणि पहिल्या ग्रंथाची सिद्धता सुरू झाली.

‘अंडर द सी-विंड’ हा तो ग्रंथ १ नोव्हेंबर १९४१ रोजी प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली. पाच आठवड्यांनी, ७ डिसेंबरला, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. समुद्रपक्षी आणि बांगडे यांची कथा वाचायला कोणाला सवड उरली नाही. ग्रंथाच्या दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. मात्र सागरात खोलवर स्वतः उतरून आलेले संशोधक विल्यम बीब यांनी १९४४ मध्ये निसर्गलेखनाचा एक संग्रह संपादित केला, तेव्हा प्राचीन काळच्या ॲरिस्टॉटलपासून आरंभ करून त्यात कार्सन यांच्या या ग्रंथातील उताराही समाविष्ट केला. ज्याने समुद्राची खोली प्रत्यक्ष पाहिली होती, त्याची ही पावती होती.

दहा वर्षे नोकरीत गेली. १९५१ मध्ये ‘द सी अराउंड अस’ हा दुसरा ग्रंथ आला. त्यातील प्रकरणे अनेक मासिकांनी परत पाठवली होती. अखेर ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने त्यांतील बराच भाग तीन अंकांतून छापला. ग्रंथाला अमाप वाचक लाभले, त्यास १९५२ चा राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी कार्सन यांनी नोकरी सोडली. विस्मृतीत गेलेला पहिला ग्रंथही पुन्हा छापला गेला व खपला. पुरस्कार स्वीकारताना त्या म्हणाल्या की, आपल्या ग्रंथात काव्य असेल तर ते आपण मुद्दाम घातलेले नाही; समुद्राविषयी सत्य लिहायचे तर काव्य वगळून कोणालाही लिहिता येणार नाही.

१९५४ साली ओहायो राज्यात महिला पत्रकारांच्या मेळाव्यात त्यांनी भाषण केले. लेखनाचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांपुढे आपल्या लेखनाची वाटचाल सांगताना, नाकारलेल्या प्रस्तावनेची आणि हिगिन्स यांच्या त्या वाक्याची आठवण त्यांनी आवर्जून सांगितली. तोवर त्यांचे ग्रंथ घरोघरी पोहोचले होते.

अभिमानाचा दुसरा क्षण याहून वेगळा होता. १९५८ पासून कार्सन कीटकनाशकांविषयीची माहिती गोळा करीत होत्या. विषय रूक्ष होता, रासायनिक उद्योगांचा रोष ओढवणार हे स्पष्ट होते, आणि १९६० मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. या दिवसांत त्यांनी आपली मैत्रीण डोरोथी फ्रीमन यांना सांगितले होते की, जे करणे शक्य आहे ते सारे केल्याखेरीज कस्तुर पक्ष्याचे गाणे आपण पुन्हा आनंदाने ऐकू शकणार नाही. जानेवारी १९६२ मध्ये बहुतेक हस्तलिखित ‘न्यूयॉर्कर’चे संपादक विल्यम शॉन यांच्याकडे गेले. काही दिवसांनी एका रात्री नऊच्या सुमारास दूरध्वनी वाजला. शॉन स्वतः बोलत होते. रूक्ष वाटणाऱ्या विषयाचे आपण साहित्य केले आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी सांभाळलेल्या भाच्यांपैकी एक आता हयात नव्हती. तिच्या मुलाला कार्सन यांनी दत्तक घेतले होते. त्या रात्री तो झोपी गेल्यावर त्या आपल्या मांजराला घेऊन अभ्यासिकेत गेल्या, दार लावून घेतले आणि बीथोव्हेनची व्हायोलिनची रचना लावली. चार वर्षांचा ताण एकदम ओसरला व डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, असे त्यांनी डोरोथींना कळवले. पक्ष्याचे गाणे आता ऐकता येईल, असेही त्यांना त्या रात्री वाटले.

१६ जून १९६२ च्या अंकापासून ‘न्यूयॉर्कर’ने ‘सायलेंट स्प्रिंग’ तीन भागांत छापायला प्रारंभ केला. यावेळी लेखिकेचे पूर्ण नाव छापलेले होते.

शब्दार्थ

उगम – आरंभस्थान
महामंदी – १९२९ नंतर जगभर पसरलेली तीव्र आर्थिक मंदी
नभोवाणी – रेडिओ
चाकोरी – ठरलेली वाट, नित्याची रीत
संस्करण – मजकूर तपासून त्यात सुधारणा करणे
आद्याक्षरे – नावातील पहिली अक्षरे
पोच – मिळाल्याची खूण, येथे, दाद
रूक्ष – कोरडा, नीरस

भाषाभ्यास

बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे दिले, तर ते प्रत्यक्ष कथन होय. त्याच्या बोलण्याचा आशय आपल्या वाक्यात गुंफून सांगितला, तर ते अप्रत्यक्ष कथन होय. उदाहरणार्थ :

प्रत्यक्ष : अधिकारी म्हणाले, “तुम्ही हा मजकूर पुन्हा लिहा.”
अप्रत्यक्ष : अधिकाऱ्यांनी सांगितले की तो मजकूर पुन्हा लिहावा.

अप्रत्यक्ष कथनात अवतरणचिन्हे येत नाहीत. ‘तुम्ही लिहा’ या आज्ञेचे ‘लिहावे’ असे रूप होते आणि ‘हा’ऐवजी ‘तो’ येतो. या पाठात कार्सन यांचे बहुतेक बोलणे अप्रत्यक्ष कथनात आले आहे. अशी तीन वाक्ये शोधून लिहा.

स्वाध्याय

१. लेखन सोडून जीवशास्त्राकडे वळताना कार्सन यांची काय समजूत होती? ती पुढे कशी बदलली?
२. पहिल्या ग्रंथाची प्रशंसा होऊनही तो का खपला नाही?
३. ‘एकाच वाक्यात नकार आणि गौरव’ हे विधान प्रसंगासह स्पष्ट करा.
४. १९३७ चा लेख आणि १९६२ ची ती रात्र, या दोन्ही प्रसंगी कार्सन यांना वाटलेला अभिमान एकाच प्रकारचा होता काय? आपले मत दहा-बारा ओळींत लिहा.
५. आपल्या गावाजवळील नदी, तळे, खाडी किंवा शेत घ्या. तेथे राहणाऱ्या एखाद्या जीवाच्या दृष्टीने त्या जागेचे वर्णन एका पानात लिहा. माहिती अचूक असू द्या.